राणीचा हात आणि मास्तरची वही

परदेशी जायचे ठरले की आमच्या आळीतली माणसे आधी विचारतात, "कुणाबरोबर?" या प्रश्नाचा खरा अर्थ, सकाळी पोहे आणि रात्री वरण-भात कोण घालणार, एवढाच असतो. प्रवासी कंपनीचे नाव सांगितले की जीव भांड्यात पडतो. "कुणाबरोबर नाही, आम्ही चौघेच, पाठीवर बोचकी टाकून," असे मी सांगितले, तेव्हा शेजारच्या काकूंनी माझ्याकडे न पाहता माझ्या बायकोकडे पाहिले. घरात बरेच दिवस आजारी माणूस असलेल्या बाईकडे पाहतात, तसे.

"आणि देश कुठला?"

"जॉर्जिया."

"म्हणजे अमेरिका! मग ठीक आहे."

अमेरिकेत जॉर्जिया नावाचे एक राज्य आहे, हे खरे. पण आमचा जॉर्जिया काळ्या समुद्राच्या पूर्वेला, कॉकेशस पर्वताच्या कुशीत. आकाराने आपल्या महाराष्ट्राच्या चौथाईहूनही लहान, वस्ती चाळीस लाखांच्या आत. मात्र भाषा स्वतःची आणि तेहतीस अक्षरांची लिपीही स्वतःची. आपल्याकडे हलवायाने साखरेच्या पाकात टाकलेली वळणे त्यांनी कागदावर उतरवली आहेत, असे पहिल्या दर्शनी वाटते. द्राक्षांपासून मद्य करण्याचा त्या भूमीतला पुरावा आठ हजार वर्षांपूर्वीचा आहे. हे शेवटचे मी काकूंना सांगितले नाही.

आम्ही चौघे म्हणजे डॉक्टर, शेठ, मास्तर आणि मी. डॉक्टर खरोखरच डॉक्टर आहे. शेठचे वह्या-पेन्सिलींचे आठ फुटी दुकान आहे. कॉलेजात असताना त्याच्याकडे नेहमी सुटे पैसे असत, एवढ्यावर तो शेठ झाला. मास्तर इतिहासाचा शिक्षक होता, नुकताच निवृत्त झालेला. १९८३ सालापासून आम्ही बरोबर हिंडतो आहोत. राजगड, हरिश्चंद्रगड, नाणेघाट. पुढे संसार वाढले तशा वाटा आखूड होत गेल्या, पण वर्षातून एक खेप चुकली नाही. या सगळ्याची नोंद मास्तरच्या एका काळ्या पुठ्ठ्याच्या वहीत आहे. तारीख, वाट, उंची आणि कोणकोण होते, इतकेच. वहीचा नियम एकच, आणि तो मास्तरचाच: पायांनी गेलो तरच नोंद. आम्ही एकदा रायगडावर रोपवेने गेलो होतो. बायकामुले होती, उन्हाळा होता, सगळे होते. मास्तरने ते वहीत घेतले नाही. "आपण गड पाहिला," तो म्हणाला, "चढलो नाही."

जॉर्जियाचे खूळ त्याचेच. मास्तर मूळचा फोंड्याचा. लहानपणी तो वडिलांबरोबर जुन्या गोव्याला जाई, तेव्हा तिथल्या पडक्या ऑगस्टीन मनोऱ्यापाशी त्याचे पाय अडखळत. तांबड्या चिऱ्याचा, सेहेचाळीस मीटर उंचीचा हा मनोरा. त्याचा निम्मा भाग १९३१ साली कोसळला, घंटा पणजीच्या चर्चमध्ये गेली, आणि उरलेला भाग एका पायावर उभ्या राहिलेल्या माणसासारखा उभा आहे. त्या ढिगाऱ्यात एका परमुलखातल्या राणीचा हात पुरलेला आहे, असे कुणीतरी त्या पोराला सांगितले. पुढे तो इतिहास शिकला, तेव्हा त्याला कळले की ती भुताची गोष्ट नव्हती.

राणीचे नाव केतेवान. जॉर्जियाच्या पूर्वेकडच्या काखेती राज्याची ही राणी. इराणच्या शाह अब्बासाशी बोलणी करायला गेली आणि ओलीस ठरली. जवळजवळ दहा वर्षे कैदेत काढल्यावर, धर्म सोडायला नकार दिला म्हणून १६२४ साली शिराझमध्ये तिला तापल्या सांडशांनी हालहाल करून मारण्यात आले. ऑगस्टीन पंथाच्या पोर्तुगीज धर्मगुरूंनी तिचे अवशेष गुपचूप हस्तगत केले. काही भाग तिच्या मुलाकडे पोहोचवला, आणि उजव्या हाताचे हाड १६२७ मध्ये गोव्याच्या मठात आणून ठेवले. पुढे मठ उजाड झाला, छत कोसळले, आणि दगडमातीखाली ती ठेव हरवली. आपल्या पुरातत्त्व खात्याला २००४ साली उत्खननात ते हाड सापडले. हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी त्याची जनुकीय तपासणी केली; भारतातल्या हजारो नमुन्यांत न सापडणारी खूण त्यात निघाली, आणि तीच खूण जॉर्जियातल्या माणसांत मिळाली. शेवटी जुलै २०२१ मध्ये भारताच्या परराष्ट्रमंत्र्यांनी तिबिलिसीला जाऊन या अवशेषांचा एक भाग जॉर्जियाच्या हवाली केला. ते चित्र दूरदर्शनवर पाहून मास्तरने आम्हा तिघांना फोन केला. "हात घरी पोचला," तो म्हणाला. "आता आपण जायला हवं."

जायला २०२३ चा सप्टेंबर उजाडला. निघायच्या आठवडाभर आधी मास्तरने मला एकट्याला गाठून एक गोष्ट सांगितली आणि कुणाला न सांगण्याची शपथ घातली. तिचे वजन पाठीवरच्या बोचक्यापेक्षा जास्त होते. पण ती तिच्या जागीच सांगतो.

तिबिलिसी हे गरम पाण्याच्या झऱ्यांचे शहर. नावातच ऊब आहे. जुन्या वस्तीत विटांचे घुमट जमिनीतून वर आलेले दिसतात, खाली गंधकाची स्नानगृहे. एक पैलवानी बांध्याचा माणूस आपल्याला दगडी ओट्यावर पालथे घालतो आणि खरखरीत हातमोज्याने असा घासतो, की साठ वर्षांचा मळ आणि थोडी अब्रूही निघून जाते. शेठ म्हणाला, "उटणं तेवढं राहिलं, नाहीतर ही आपली पहिली आंघोळच." बाहेर आलो तर रस्त्यात पाठीमागून मराठी ऐकू आले. वैद्यकीय शिकायला आलेल्या दोन मुली, एक लातूरची, एक नांदेडची. भारतातली पुष्कळ मुले तिथे डॉक्टर व्हायला जातात. डॉक्टरने लगेच त्यांची तोंडी परीक्षा सुरू केली. त्यांनी आमच्याकडे गोडा मसाला आहे का, एवढेच विचारले. शेठने दुकानदारी सवयीने दोन पुड्या आणल्या होत्या. त्या देताना त्याने पहिल्यांदाच किंमत सांगितली नाही.

दुसऱ्या दिवशी मास्तर आम्हाला सामेबाच्या नव्या भव्य चर्चमध्ये घेऊन गेला. मेणबत्त्या विकणाऱ्या बाईला त्याची इंग्रजी कळेना, आम्हाला तिची जॉर्जियन कळेना. मग मास्तरने "केतेवान" म्हटले, "गोवा" म्हटले आणि आपला उजवा हात पुढे करून छातीवर ठेवला. ती बाई क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने त्याच्या त्या हातात एक मेणबत्ती दिली, त्यावर स्वतःचा हात ठेवला, आणि पैसे घेतले नाहीत. मास्तर देवभोळा नाही. पण ती मेणबत्ती लावताना त्याला दोन काड्या जास्त लागल्या.

हाताची आणखी एक गोष्ट म्त्सखेता या जुन्या राजधानीत भेटते. (हे नाव उच्चारताना शेठची कवळी धोक्यात आली होती.) अरागवी आणि म्तक्वारी या दोन नद्यांच्या संगमावर गाव, वर डोंगरावर सहाव्या शतकाच्या अखेरीस बांधायला घेतलेले ज्वारी नावाचे देऊळवजा चर्च, आणि खाली गावात अकराव्या शतकातले स्वेतित्सखोवेली. त्याच्या उत्तरेकडच्या भिंतीवर उंच जागी एक उजवा हात कोरला आहे, हातात गवंड्याचा काटकोन. खाली आर्सुकिद्झे या बांधणाऱ्याचे नाव. असे दुसरे काम करू नये म्हणून त्याचा हात तोडला, अशी कथा सांगतात. अशा कथा आपल्याकडेही उत्तम इमारतींच्या पाठीमागे लागलेल्या असतातच. जनतेला चांगले काम झाले की कारागिराचे वाईट झाल्याशिवाय चैन पडत नाही. मला त्यापेक्षा तो काटकोन आवडला. राजाचे नाव नाही, बिशपाचा मुकुट नाही. गवंड्याचा हात आणि त्याचे हत्यार.

तिथून उत्तरेला काझबेगीकडे गेलो. गेरगेतीचे चर्च दोन हजार एकशे सत्तर मीटरांवर एका सुळक्यासारख्या डोंगरावर एकटे उभे आहे, मागे पाच हजार मीटरांवरचा काझबेक. फोटोत. आम्हाला दोन दिवस धुके दिसले. काझबेक आहे, यावर आम्ही श्रद्धेने विश्वास ठेवला. मास्तरने मात्र तिथेही आपल्या कामाचे शोधून काढले. अठराव्या शतकातल्या वाखुश्ती नावाच्या राजपुत्राने लिहून ठेवले आहे, की खाली शत्रू आला की म्त्सखेताचा खजिना या चर्चमध्ये आणून ठेवीत. "बघा," मास्तर धुक्यात म्हणाला, "खालच्यांनी ठेवायला द्यायचं आणि वरच्यांनी सांभाळायचं. डोंगर म्हणजे या लोकांची तिजोरी."

त्या तिजोरीचा आतला कप्पा म्हणजे स्वानेती. देशाच्या वायव्येला, बर्फाच्या भिंतीआड. तिबिलिसीहून आगगाडीने झुगदिदी आणि तिथून मार्शुत्का. मार्शुत्का म्हणजे आपली वडाप. भरली की सुटते. भरली म्हणजे काय, हे ड्रायव्हर ठरवतो. एंगुरी नदीवरचे दोनशे सत्तर मीटरांहून उंच धरण मागे टाकून गाडी घाटाला लागली, तेव्हा मी एस.टी.च्या सवयीने पुढे वाकून म्हणालो, "मामा, जरा हळू!" सगळी गाडी हसू लागली. त्यांच्या भाषेत मामा म्हणजे बाप. तीस वर्षांच्या पोराला साठ वर्षांचा माणूस बाप म्हणत होता. पोराने मात्र बापाच्या जबाबदारीने गाडी हळू केली.

मेस्तिया हे तिथले मुख्य गाव, दीडेक हजार मीटर उंचीवर. पहिल्यांदा डोळ्यांत भरतात ते बुरूज. गढीला चार बुरूज असतात हे आपण पाहिलेले; इथे घराला एक बुरूज. पाचसहा पुरुष उंचीचेही नाहीत, चांगले वीस-पंचवीस मीटर उंच, चौकोनी, वर निमुळते. शेकडो वर्षांपूर्वी, बहुतेक मध्ययुगात बांधलेले. आत मजले, मजल्यांना शिड्या. संकट आले की घरातली माणसे वर चढत आणि शिडी ओढून घेत. संकट म्हणजे कधी परचक्र, कधी हिमलोट, आणि फार वेळा शेजारचे घर. खुनाचा बदला खुनाने, तोही पिढ्यान्‌पिढ्या. आपल्याकडे बांध कोरला म्हणून भाऊबंद कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात. यांनी बुरुजाच्या शिड्या झिजवल्या. कोर्टापेक्षा बुरूज स्वस्त पडला असेल, असे शेठचे मत.

पण याच भांडखोर माणसांनी एक गोष्ट भांडणाच्या बाहेर ठेवली. खालच्या मुलखात अरब आले, मंगोल आले, इराणी आले. दर खेपेला चर्चमधल्या मूर्तिचित्रांची, सोन्याच्या क्रुसांची, पोथ्यांची रवानगी स्वानेतीत झाली. ठेवणारे परत आले नाहीत तरी ठेव राहिली. मेस्तियाच्या संग्रहालयात आदिशीची पोथी आहे, ८९७ साली लिहिलेले शुभवर्तमान. लिहिले गेले आज तुर्कस्तानात असलेल्या मुलखात, आणि शतकानुशतके राहिले आदिशी नावाच्या मूठभर घरांच्या खेड्यात. अकराशे वर्षांपूर्वीच्या त्या चर्मपत्रासमोर मास्तर एवढा वेळ उभा राहिला की रखवालदार बाईने त्याला खुर्ची आणून दिली. तो बसला. मास्तर संग्रहालयात खुर्चीवर बसला, हे फक्त मला खटकले.

मेस्तिया ते उशगुली ही चार दिवसांची पायवाट. आपल्या घाटवाटांसारखीच, गावातून गावात जाणारी. फरक एवढाच की डाव्या हाताला सतत बर्फाची शिखरे चालत असतात. पहिला मुक्काम झाबेशी, दुसरा आदिशी. पहिल्या दिवशी मास्तर मागे राहिला, तेव्हा तो फुले पाहतो आहे असे आम्ही म्हणालो. दुसऱ्या दिवशी चढावर तो दर शंभर पावलांना थांबू लागला. फुले संपली होती. डॉक्टर दोनदा मागे वळून पाहून पुढे गेला.

आदिशीत पोचलो तेव्हा उन्हे उतरत होती. १९८७ च्या हिवाळ्यात स्वानेतीत भयंकर हिमलोट आले, पुष्कळ माणसे दगावली, आणि हजारोंना खाली सपाटीवर नेऊन वसवले गेले. आदिशीसारखी गावे तेव्हापासून अर्धी रिकामी. पडक्या घरांतून बुरूज तेवढे उभे. आम्ही उतरलो त्या घरात एक म्हातारी, तिचा इंग्रजी येणारा नातू आणि एक लोखंडी चूल. म्हातारीला सगळे 'बेबिया' म्हणत, म्हणजे आजी. तिने बटाटा आणि चीज एकत्र घोटून केलेला, ताणला की हातभर तार येणारा एक पदार्थ वाढला आणि वर लाल-पिवळे मीठ भुरभुरले. स्वानेतीत मीठ सापडत नाही. पूर्वी ते पाठीवर वाहून खिंडी ओलांडून आणावे लागे, म्हणून लसूण, धने, झेंडूच्या पाकळ्या, मिरची आणि एक रानमेथी घालून ते पुरवायचे. त्या मेथीच्या नावाचा अर्थच परक्या मुलखाचा मसाला, असे नातू म्हणाला. मी वास घेतला आणि मला आईची मेतकुटाची बरणी आठवली.

जेवणानंतर मास्तरने गोळ्यांची डबी काढली. चुलीच्या उजेडात डॉक्टरने ती त्याच्या हातातून घेतली आणि एकेक पाकीट उलटून पाहिले.

"ही गोळी कधीपासून?"

"फेब्रुवारीपासून."

"स्टेंट किती?"

"दोन."

"आणि हे तू मला इथे सांगतोयस?"

"मी कुठे सांगतोय? तूच बघितलंस."

डॉक्टरचा आवाज चढला नाही, हे वाईट लक्षण होते. "चाळीस वर्षं तुझ्या घरातला प्रत्येक ताप मी पाहिला. तुझ्या आईला शेवटचं पाणी मी पाजलं. आणि छातीत दुखल्यावर तू दुसऱ्या गावी जाऊन दुसऱ्याला दाखवलंस?"

"तुला दाखवलं असतं, तर तू मला इथे येऊ दिलं नसतंस."

"नसतंच येऊ दिलं!"

"म्हणूनच."

शेठने काहीतरी विनोद करायचा प्रयत्न केला. तो अर्ध्यातच विझला. मग डॉक्टर माझ्याकडे वळला. मी चुलीकडे बघत होतो.

"तुला माहीत होतं."

मी काही बोललो नाही. मास्तरने विश्वासाने ठेवायला दिलेली गोष्ट मी सांभाळली होती. त्या दिवसापर्यंत मला त्याचा थोडा अभिमानही होता. डॉक्टर एवढेच म्हणाला, "वाटेत काही झालं असतं, तर माझ्या पिशवीत काय आहे ठाऊक आहे? क्रोसिन आणि बँडेज." आणि तो पांघरूण ओढून भिंतीकडे तोंड करून झोपला.

बेबियाला एक शब्द कळला नव्हता. पण चौघांतले एक ताट उरले होते, ते तिने झाकून चुलीशेजारी ठेवले. सकाळी ते रिकामे होते. कोणी खाल्ले, ते विचारायची कुणाची छाती झाली नाही.

सकाळी निकाल लागला होता. मास्तर खिंडीत जाणार नाही. जीपने खाली उतरून मोटाररस्त्याने उशगुलीला जाईल. नातवाने सोय केली. मास्तरने एकच मागितले, की हिमनदी पाहू द्या. डॉक्टरने त्याची नाडी पाहिली, घोडेवाल्याला बोलावले आणि मास्तरला घोड्यावर बसवून रिकिबी स्वतः आखूड केल्या. सगळे न बोलता.

आदिशचाला ही हिमनदीच्या तोंडातून निघणारी नदी. तिच्या पाण्याला सायीसारखा करडा रंग, आणि आवाज असा की शेजारच्याशीही ओरडून बोलावे लागते. ऊन चढले की बर्फ वितळते आणि पाणी वाढते, म्हणून ती सकाळीच ओलांडायची. पूल नाही. गावातली माणसे घोडे घेऊन काठावर उभी असतात आणि माणशी पैसे घेऊन पलीकडे सोडतात. शेठने लारीला तीसने गुणून दर ऐकला, नदीकडे पाहिले, आणि आयुष्यात पहिल्यांदा घासाघीस केली नाही. समोर हिमनदी डोंगराच्या दोन खांद्यांमधून पायऱ्यापायऱ्यांनी खाली आलेली, निळसर, भेगाळलेली. मास्तर घोड्यावरून ती बघत होता.

मी निघणार, तेवढ्यात त्याने खिशातून काळी वही काढली.

"हे घे. तू लिही."

"उशगुलीला तूच लिही की."

"मी न गेलेल्या खिंडीचं मी कसं लिहू?" तो म्हणाला. "आणि भिजवू नकोस."

वही मी शर्टाच्या आत घातली. घोडा पाण्यात उतरला. पाणी त्याच्या पोटाला लागले, माझे बूट भरले, मधल्या धारेत त्याचा पाय एकदा घसरला, आणि मी घोड्याची आयाळ सोडून छातीवरची वही धरली. हे शौर्य नव्हे, मूर्खपणा होता. घोडेवाल्याने मला खोगिराला धरून सरळ केले आणि त्यांच्या भाषेत बापाला शोभेल असे काहीतरी म्हटले. पलीकडे पोचून मागे पाहिले, तर मास्तर अजून घोड्यावर तसाच उभा होता.

छखुंदेरीची खिंड सुमारे दोन हजार सातशे मीटरांवर. रोडोडेंड्रॉनच्या झुडपांतून वाट वळणे घेत चढते आणि पाठीमागे हिमनदी दर वळणाला मोठी होत जाते. डॉक्टर पुढे, शेठ मध्ये, मी मागे. तीन तास कुणी माझ्याशी बोलले नाही. शेठ बोलला असता, पण त्याला धाप लागली होती. माथ्यावर वारा कान कापत होता. डॉक्टरने पिशवीतून चुर्चखेला काढली. अक्रोड दोऱ्यात ओवून द्राक्षाच्या आटवलेल्या रसात बुडवून वाळवतात. दिसते मेणबत्ती, चवीला आपल्या खजूर-वडीची लांबची बहीण. त्याने तिचे दोन तुकडे केले आणि एक माझ्यापुढे धरला.

"पुन्हा कुणी असं काही सांगितलं," तो म्हणाला, "तर निदान मला एवढं सांगायचं, की मला काहीतरी माहीत आहे. काय ते नको सांगूस."

मी तुकडा घेतला. वाऱ्यामुळे दोघांच्याही डोळ्यांना पाणी येत होते. शेठ मागून विचारत होता, की तिसरा तुकडा कुठे आहे.

पलीकडच्या उतारावर खालदे नावाचे गाव लागते, म्हणजे गावाचे अवशेष. झारच्या अधिकाऱ्यांविरुद्ध हे गाव उठले, आणि १८७६ साली रशियन फौजेने ते उद्ध्वस्त केले. इतके बुरूज असलेल्या मुलखात हे पडके दगड पाहिले की कळते, बुरूज शेजाऱ्यापासून वाचवतो, तोफेपासून नाही. आपल्या गडांना १८१८ मध्ये हाच अनुभव आला. हे खरे तर मास्तरने सांगायचे वाक्य. तो नव्हता, म्हणून मी सांगितले, आणि कुणी मान डोलावली नाही. रात्री इप्रालीच्या मुक्कामात मी वही उघडली. चाळीस वर्षांचे ते एकाच वळणाचे अक्षर. शेवटच्या पानावर मी तारीख घातली, आदिशी ते इप्राली लिहिले, खिंडीची उंची लिहिली, आणि जरा थांबून लिहिले, 'चौघे'. मास्तर नदीपर्यंत आला होता. वही तर खिंडीतून आली होती. माझा हिशेब मला पटला होता.

चौथ्या दिवशी दुपारी उशगुली दिसले. दोन हजार शंभर मीटरांवर, एंगुरीच्या उगमाजवळ, चार वाड्यांचे गाव. त्यातल्या चाझाशी वाडीत दोनशेहून जास्त मध्ययुगीन इमारती आहेत, आणि १९९६ पासून तो जागतिक वारसा आहे. १९३० साली कालातोझोव या दिग्दर्शकाने इथल्या मिठाच्या दुष्काळावर एक चित्रपट काढला होता. करड्या बुरुजांची झुंबड, मधून गाई, चिखल, आणि सगळ्यांच्या डोक्यावर श्खारा. पाच हजार मीटरांच्या वर गेलेले, त्या देशातले सर्वांत उंच शिखर. काझबेकने दडवलेले सगळे श्खाराने दाखवले. त्या दिवशी आकाशात बोटभर ढग नव्हता.

मास्तर कुठे शोधायचा, हा प्रश्न पडला नाही. एका बुरुजाच्या पायथ्याशी बाकावर तीन म्हातारे बसले होते, तिघांच्या डोक्यावर स्वानांच्या करड्या नमद्याच्या टोप्या. त्यातला एक आमचा होता. दीड दिवसात त्याने गावातल्या चर्चची किल्ली कोणत्या घरी असते ते शोधून, त्या घरच्या म्हातारीकडून चर्च उघडून घेतले होते. शेजारच्या म्हाताऱ्याशी तो मराठीत बोलत होता आणि तो स्वानीत उत्तरे देत होता; दोघांची पूर्ण एकवाक्यता होती.

डॉक्टरने आधी त्याची नाडी पाहिली. घड्याळाकडे बघत, ओठ हलवत, पूर्ण एक मिनिट. मग हात सोडून तो त्याच्याशेजारी बाकावर बसला.

"रात्री झोप?"

"लागली."

"खोटं बोलू नकोस."

"थोडी लागली."

मी शर्टातून वही काढून दिली. एक कोपरा ओला झाला होता; तो मास्तरने अंगठ्याने चाचपला, पण काही बोलला नाही. पान उघडून त्याने चष्मा चढवला. माझी नोंद त्याने शाळेतल्या निबंधासारखी वाचली. छखुंदेरीतले र्‍हस्व-दीर्घ दुरुस्त केले. मग खिशातून लाल पेन काढले, 'चौघे' या शब्दावर एक सरळ रेघ मारली आणि वर बारीक अक्षरात लिहिले, 'तिघे'.

पेन बंद करून त्याने वही मांडीवर ठेवली आणि म्हणाला, "चहा सांगितलाय. साखर वेगळी देतात इथे. तुमची तुम्ही घाला."